मी ‘नो’च म्हणाले होते

…नाही, पण मला आधी एवढंच सांगा, नाही म्हणजे नाहीच ना? म्हणजे एखाद्या माणसानं, चांगल्या शुद्धीत, दोन पायांवर उभं राहून, घसा साफ करून ‘नाही’ म्हटलं, तर ऐकणाऱ्यानं काय समजायचं? नाहीच समजायचं की! का ‘हो’ समजून टाळ्या वाजवायच्या? माझ्या बाबतीत वाजवल्या. सगळ्या नववी ‘ब’नं वाजवल्या. तुम्हाला सांगते, मी ‘नो’च म्हणाले होते, चांगलं इंग्लिशमध्ये म्हणाले होते, आणि तरी…

थांबा, परीक्षक सर, घंटेवर हात ठेवू नका, सुरू करते. माझ्या एकपात्रीचं नाव ‘बाळाबाई आणि फॅटचं मशीन’. ही हातातली किटली बाळाबाईंचीच आहे, खरी. त्या स्वतः तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसल्यात, आमच्या पप्पांच्या शेजारी, आणि त्यांना संध्याकाळच्या धारेआधी ही किटली परत पाहिजे. त्यामुळं मी वेळेत आटपणार आहे. नियम दहा मिनिटांचा आहे, मला माहीत आहे. फक्त आधी एक छोटंसं सांगते, नाहीतर ते घशात अडकून राहील आणि बाळाबाईंचा आवाजच बाहेर येणार नाही.

माझं नाव क्रांती. हसा, सगळेच हसतात. पप्पांनी मोठ्या हौसेनं ठेवलं, आणि क्रांती निघाली अशी, की हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणते ते फक्त बाकावर शेजारी बसणाऱ्या मोनाला ऐकू येतं. मग मोना ओरडते, “हाय की ती! आलीया!” पाचवीपासून माझी हजेरी मोनाच देते. आणि मला ‘नाही’ म्हणता येत नाही. येतच नाही! कुणी वही मागितली, घे. डब्यातली शेंगदाण्याची पोळी? घे. खिडकीची जागा? घे. एकदा एसटीत एका पावण्यांनी विचारलं, “पोरी, मलकापूरलाच चाललीस न्हवं?” मला आमच्या फाट्यावर उतरायचं होतं, फाटा समोर दिसत होता, पण त्यांनी इतक्या खात्रीनं विचारलं की मी मान हलवली, आणि एकदा मान हलवल्यावर त्यांच्यादेखत उतरायचं कसं? गेले मलकापूरला. तिथनं पप्पांना फोन केला. पप्पा म्हणाले, “तिकडं काय काम काढलंस?” काय सांगणार? पावण्यांना वाईट वाटलं असतं म्हणून?

आणि आमच्या शेजारी कोण राहतं? बाळाबाई! ज्यांना ‘नाही’शिवाय दुसरं काही म्हणताच येत नाही. मी रोज सकाळी शाळेच्या आधी दूध घालायला डेअरीत जाते, रांगेत त्या माझ्यापुढं असतात. डेअरीतला कृष्णातदादा दुधाचं फॅट मोजायच्या मशीनमध्ये बघून म्हणतो, “बाळाबाई, फॅट पाच-दोन.” की लगेच, “न्हाय!” असं नुसतं ‘न्हाय’ नाही हं, त्याच्या आधी त्या किटली खाली आपटतात, कमरेवर हात ठेवतात, आणि मग पोटातनं काढतात, “न्हाऽऽय! माझ्या म्हशीनं साताच्या खाली आजपतोर कधी लावलं न्हाय!” दादा म्हणतो, “आवो मशीन सांगतंय.” “मशीन कधी आलंय माझ्या गोठ्यात? वळखतंय का म्हशीला? परत लाव!” आणि तो परत लावतो! आणि खरंच जास्त येतं! मी मागं माझी किटली धरून उभी असते आणि मनात म्हणते, एक दिवस, फक्त एक दिवस, मला असं एक ‘न्हाय’ म्हणता आलं पाहिजे. मग मी घरी येऊन गोठ्यात, म्हशीसमोर, त्यांची नक्कल करायचे. म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. तेच सगळं मी वहीत लिहिलं. स्वतःसाठी लिहिलं होतं, तुमच्यासाठी नाही. राग मानू नका.

तर आता शिवांजली मॅडम. आमच्या इंग्लिशच्या. निपाणीकडच्या, घरी कानडी बोलतात, स्वभावानं इतक्या मऊ की खडू तुटला तरी खडूला सॉरी म्हणतील. पण त्यांचा नियम, माझ्या तासाला सगळं इंग्लिशमध्येच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काहीतरी विचारलं. मी उभी. मॅडम वाट बघतायत, मी उभी, पंखा फिरतोय, मी उभी. शेवटी त्या हसून म्हणाल्या, “नेव्हर माइंड, क्रांती.” आता माइंड म्हणजे डोकं, हे मला माहीत होतं, आमच्या मामाला कुणी हुशार दिसला की तो म्हणतो, ‘काय माइंड हाय गड्याचं!’ आणि नेव्हर म्हणजे कधीच नाही. म्हणजे मॅडम पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, क्रांती, तू डोकं कधीच वापरू नकोस! मी घरी जाऊन रडले. आई म्हणाली, “एवढ्या लगेच वळखलं व्हय त्यांनी?”

त्या शब्दाचं आणि माझं तेव्हापासनंच जमत नाही. दिसायला किती साधा, चार अक्षरी, स्पेलिंगसुद्धा सरळ! डिक्शनरी उघडली तर पहिला अर्थ मन. ठीक. मग लक्ष ठेवणे. बरं. मग वाईट वाटून घेणे. आता हे कुठनं आलं? आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, लपून बसल्यासारखं, ‘हरकत असणे’. त्यानं माझा घात केला. पण तेव्हा मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं हो! तेव्हा मी पहिल्या अर्थावरच रडत होते.

मग ह्या स्पर्धेचं पत्रक आलं. एका शाळेतनं एकच स्पर्धक. मॅडमनी विचारलं, कुणी काही लिहिलंय का?  आणि मोना उठली, माझ्या दप्तरात हात घातला आणि वही नेऊन टेबलावर ठेवली. मी नंतर विचारलं, “तू असं का केलंस?” तर म्हणते, “तू देणार न्हवतीस, म्हणून मी दिलो.” मॅडमनी ती वही घरी नेऊन वाचली, दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या तर चेहरा नुसता फुललेला. माझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर! सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय, माझे कान भाजल्यासारखे, आणि तुम्हाला खरं सांगते, त्या एका क्षणात मला कळलं की मला हे करायचंय. मलाच. बाळाबाई दुसऱ्या कुणाला सापडणारच नाहीत, त्या किटली आपटण्याआधी एक श्वास घेतात, तो फक्त मला माहीत आहे.

आणि त्याच क्षणी मॅडम म्हणाल्या… कसं म्हणाल्या सांगू? मान अशी तिरकी करून, साखरेच्या पाकातल्या आवाजात, “क्रांती, वूड यू माइंड इफ राजवीर परफॉर्म्स इट?”

राजवीर म्हणजे आमच्या वर्गातला फुटबॉलवाला. गोल झाला की त्याची आरोळी स्टेडियमवरनं थेट रंकाळा तलावावर ऐकू येते. मॅडमना वाटलं असणार, ही पोर स्टेजवर काय बोलणार, आवाज तर ह्याच्याकडं आहे. त्यांनी माझ्या भल्यासाठीच विचारलं, मी त्यांना दोष देत नाही. मला वाक्यातलं काय कळलं? राजवीर कळलं. परफॉर्म्स कळलं. म्हणजे प्रश्न काय? राजवीरनं केलं तर चालेल का? उत्तर काय? चालणार नाही! तुम्हीच सांगा, ह्यात माझं काय चुकलं?

आणि मग मी… माझा अजून विश्वास बसत नाही… मी उभी राहिले. कमरेवर हात ठेवला. तो श्वास घेतला. आणि पोटातनं काढलं, “नोऽऽ, मॅडम!”

आयुष्यातलं पहिलं ‘नाही’!  शेवटच्या बाकावरचा आदर्श झोपेतनं उठला. आणि मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ओऽह! सो स्वीट ऑफ यू! क्लास, गिव्ह हर अ बिग हँड!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मला वाटलं, माझ्या धाडसाला वाजवल्या! मी मान खाली घालून हसत होते हो! मी त्या दिवशी घरापर्यंत कशी आले मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी डेअरीत बाळाबाईंना सांगितलं, “मी काल न्हाय म्हणाले.” त्या म्हणाल्या, “कुणाला?” “मॅडमना.” “शाबास. मग?” “टाळ्या वाजवल्या.” बाळाबाईंनी जरा विचार केला. म्हणाल्या, “माझ्या ‘न्हाय’ला कवा कुणी टाळ्या वाजिवल्या न्हाईत. नीट बघून घे.”

त्यांना कळलं होतं बघा! इंग्लिश न येता!

चौथ्या दिवशी हॉलसमोरनं जाते तर आत राजवीर. हातात प्लॅस्टिकची किटली. खांद्यावर ओढणी. आणि माझी वाक्यं! माझ्या वहीची झेरॉक्स! मी मोनाला ओढत नळाकडं नेलं. म्हटलं, “हे काय चाललंय? मी नोच म्हणाले होते!”

“म्हणूनच की. नो म्हणलीस म्हंजे हरकत न्हाय. हरकत न्हाय म्हंजे करू दे त्याला.”

“मग मी यस म्हणायचं होतं?”

“व्हय. यस म्हंजे न्हाय.”

“आणि नो म्हणजे?”

“व्हय.”

“मोना, तुला हे तेव्हाच माहीत होतं?”

“व्हय की.”

“मग तू टाळ्या का वाजवल्यास?”

“सगळी वाजवालती, म्हणून मी पण वाजवलो.”

आता काय बोलायचं? आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तेही चुकीच्या क्रियापदासमोर! पंधरा वर्षं साठवलेलं ‘नाही’, मॅडमनी थँक्यू म्हणून पर्समध्ये टाकलं!

पण मी हरले नाही. रात्रभर पाठ केलं. ‘यस, मॅडम, आय माइंड. यस, मॅडम, आय माइंड.’ आंघोळ करताना, एसटीत, शाळेच्या जिन्यात. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. सगळे सर डबे उघडून बसलेले. मॅडम वह्या तपासत होत्या. मी आत गेले. त्यांनी वर न बघताच म्हटलं, “वूड यू माइंड क्लोजिंग द डोअर?”

आणि माझ्या तोंडात तर ते तयारच होतं. “यस, मॅडम! आय माइंड!”

गणिताच्या सरांच्या हातातला घास तिथंच राहिला. “आगं ए! दार लाव म्हणत्यात ती! एवढं काय हाय त्यात?” मी इतकी घाबरले की पळत गेले आणि दार लावलं. नीट, कडी घालून लावलं. पण बाहेरनं. आत स्टाफ, बाहेर मी, आणि वर कडी. मग आतनं सर दार वाजवायला लागले तेव्हा मला कळलं. कडी काढली आणि पळाले.

त्या दिवशी घरी जेवले नाही. पप्पांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. पप्पा पन्हाळ्याला कचेरीबाहेर टेबल टाकून टायपिंग करतात, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जाहीर नोटिसा. माझी गोष्ट ऐकून ते शेवटी एवढंच म्हणाले, “म्हंजे तुला हरकत घ्यायचीया. आगं मग रडालीस कशाला? हरकत म्हंजे तर माझं रोजचं काम!” आणि बसले टाइप करायला. तो कागद मला पाठ आहे. ऐका.

‘विषय : सदर एकपात्रीबाबत हरकत नोंदविणेबाबत. महोदया, मी खाली सही करणार कुमारी क्रांती, सदर एकपात्री ही माझी स्वकष्टार्जित असून तिची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस आमचा गोठा, पश्चिमेस बाळाबाईंचा गोठा, दक्षिणेस डेअरी, उत्तरेस रस्ता. ती अन्य इसमाने सादर करणेस माझी सक्त हरकत आहे. यापूर्वी मी उच्चारलेला ‘नो’ हा शब्द गैरसमजातून ग्राह्य धरण्यात आला असून तो रद्दबातल समजावा.’

मी म्हटलं, “पप्पा, हे जास्त होतंय.” पप्पा म्हणाले, “चतुःसीमा लागतीच.”

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडमना दिला कागद.  हिंदीचे सर मॅडमच्या खांद्यावरनं वाचत म्हणाले, “माझी हरकत आहे? म्हणजे खोडी हिनंच केली म्हणते की काय!” त्यांच्या हिंदीत हरकत म्हणजे खोडी! एक शब्द सुटला म्हणावं तर दुसरा आडवा! पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागद खाली ठेवला आणि नियम मोडून मराठीत म्हणाल्या, “अगं क्रांती, पण मग तू तेव्हाच नाही का म्हणाली नाहीस?”

आता बघा! मला सांगा! माणसानं काय करायचं?

“म्हणाले की, मॅडम! मी नोच म्हणाले होते!”

हे नुसतं आलं. पाठ न करता. पोटातनं.  आणि तेवढ्यात दारातनं आवाज आला, “मॅडम… मी बी नोच म्हणालतो.”

राजवीर! हातात प्लॅस्टिकची किटली. मॅडम म्हणाल्या, “तू कशाला?” तो म्हणाला, “तुम्ही इचारला, डू यू माइंड वेअरिंग अ सारी. मी नो नो म्हणालो. दोनदा. हॉलमधी आमची सगळी टीम बघायला येणार, मॅडम. मला गोलपोस्टात उभं ऱ्हायचं हाय अजून.” बिचारा इतके दिवस ओढणी घेऊन नाचत होता आणि मी त्याच्यावर मनात दात खात होते!

मॅडम खुर्चीत बसल्या. “अय्यो… म्हणजे मी दोन वर्षं सगळ्यांना विचारतेय, आणि सगळे नको नको म्हणतायत, आणि मी थँक्यू थँक्यू म्हणतेय?” कोपऱ्यात शिपाईमामा चहाचे कप गोळा करत होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, त्ये रविवारचं लायब्ररी उघडायचं… जाऊ द्या.” मग मॅडम हसायला लागल्या, इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि मला वाटतं पुसलं ते सगळंच हसू नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं. माइंड नाही, हरकत नाही, काहीच नाही. सरळ. “क्रांती, तुला करायचंय का?”

आणि तुम्हाला सांगते, मी आधी दाराकडं बघितलं! कारण आता चुकीचं समजायला जागाच नव्हती. हो म्हणजे हो होणार होतं! हे स्टेज, हे दिवे, तुम्ही सगळे… माइंडच्या मागं किती सुखात लपले होते मी! तरी म्हणाले. “व्हय.” बारीक आवाजात. मोनाला ऐकू जाईल एवढ्या. पण मॅडमना ऐकू गेलं.

म्हणून मी इथं आहे. तो बघा राजवीर, पाचव्या रांगेत, टीमबरोबर, किती खुशीत वडापाव खातोय. मला मघाशी म्हणाला, “घाबरू नगंस, समोर माणसं न्हाईत, नुसती जाळी हाय समज.”

…ही घंटा का? पहिली ना? म्हणजे दोन मिनिटं राहिली? पुरे, पुरे! दोन मिनिटांत बाळाबाई चार माणसांना गार करतात. सुरू करते. ही डेअरी. हे मशीन. हा कृष्णातदादा…

एक राहिलं, फक्त एक! आज सकाळी किटली देताना बाळाबाई म्हणाल्या, “माझ्यावर काय लिवायचं त्ये लिव. पर म्हशीचं नाव तेवढं घे.” मी शब्द दिलाय. म्हशीचं नाव मैना. घेतलं हं, बाळाबाई! आता हात कमरेवर… श्वास…

अं? काय सर? …वूड यू माइंड स्टॉपिंग हिअर?

दहा झाली? सगळी? अहो पण बाळाबाई अजून… सर, हे तुम्ही मलाच विचारलंत ना? आणि नेमकं असंच विचारलंत? थांबा. मोना, खुणा करू नकोस, मला आठवू दे. नो म्हणजे व्हय. यस म्हणजे न्हाय. मला थांबायचं नाहीये, म्हणजे मी यस… पण सरांना तोंडावर यस, आय माइंड म्हणायचं? सरांना वाईट नाही का वाटणार? आणि नो म्हणाले तर… बाळाबाई, तुम्हीच सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?

(किटली खाली आपटते. कमरेवर हात. एक श्वास.)

“न्हाऽऽऽय!”

…

बघा. सरसुद्धा थँक्यूच म्हणाले.

घ्या बाळाबाई, तुमची किटली.